पाचू कुणी घालावा, कधी आणि कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचूबद्दल येणाऱ्या प्रश्नांमागे बहुतेक वेळा कुतूहलापेक्षा धास्ती असते. कुणीतरी "बुध बिघडलाय, लगेच पाचू घाला" असं सांगितलेलं असतं आणि घरात बोलाचाली सुरू झालेली असते. खालच्या उत्तरांत ज्योतिषपरंपरा काय मानते ते मांडलं आहे. परंपरेतच दोन मतं असतील तिथे दोन्ही दिली आहेत. बोटातल्या खड्यामुळे आयुष्यातल्या घटना बदलतात याला शास्त्रीय पुरावा नाही. पुढची सगळी उत्तरं श्रद्धेच्या चौकटीतली आहेत, हे लक्षात ठेवून वाचावीत.

१. पाचू, पन्ना आणि मरकत ही वेगवेगळी रत्नं आहेत का?

नाही, तिन्ही नावं एकाच रत्नाची. खनिज म्हणून पाचू हा बेरिल. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अंश आला की तो हिरवा रंग येतो.

२. पाचू बुधाचाच का मानतात?

बुधाचा रंग हिरवा, वार बुधवार, धान्य मूग. पाचू याच मालिकेत बसतो. वाणी, बुद्धी, गणित, लेखन, हिशेब, व्यापार, त्वचा आणि मज्जासंस्था हे विषय बुधाच्या अखत्यारीत मानले जातात. म्हणून दुकानदार, लेखक, वकील, शिक्षक, विद्यार्थी यांना पाचू सुचवला जातो. पण केवळ व्यवसाय पाहून रत्न ठरवणं परंपरेला धरून नाही. ते पत्रिकेवरून ठरतं (प्रश्न ४ आणि ५ पाहा).

३. हे सगळं जुन्या ग्रंथांत आहे की अलीकडचं आहे?

थोडं जुनं, थोडं अलीकडचं. या दोन थरांची गल्लत झाली की माणूस "शास्त्रात लिहिलंय" या एका वाक्यानं गप्प होतो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाचूवर एकच श्लोक आहे. पोपट, बांबूचं पान, केळ आणि शिरीषाचं फूल यांच्यासारखी कांती असलेला गुणयुक्त पाचू देवकार्यात आणि पितृकार्यात माणसाला अत्यंत शुभ, एवढंच तो सांगतो. त्यात लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, विवाह नव्हे) नाही, महादशा (एखाद्या ग्रहाच्या अंमलाचा काळ) नाही, करंगळी नाही. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत उत्पत्तीची कथा येते. बल नावाच्या असुराचं पित्त वासुकी घेऊन जात होता, गरुडानं त्याच्यावर झडप घातली, पित्त खाली पडलं आणि त्यातून मरकत झाला. सापाशी वैर असलेल्या गरुडाशी नातं जुळल्यानं पाचू विषहारक मानला गेला.

कोणत्या ग्रहाचं कोणतं रत्न हे जातकपारिजात या ज्योतिषग्रंथात एका श्लोकात सलग सांगितलं आहे. सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू अशी ती यादी पुढे राहू-केतूंपर्यंत जाते. म्हणजे ग्रह आणि रत्न यांची जोडी जुनी आहे. "तुमचं लग्न अमुक, म्हणून इतक्या रत्तीचा खडा या बोटात, या वेळी" ही तपशीलवार पद्धत बरीचशी नंतरच्या व्यवहारातून घडली. परंपरा वाढत जाते, त्यात काही गैर नाही. पण प्रत्येक नियमाला सारखंच प्राचीन वजन देऊ नये.

४. माझी रास मिथुन आहे आणि राशीचा स्वामी बुध. मग मी सरळ पाचू घालू शकतो ना?

राशीवरून रत्न घालण्याची पद्धत लोकप्रिय आहे, कारण ती सोपी आहे. रास म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. बहुतेक जाणकार ज्योतिषी रत्नासाठी लग्न पाहतात, कारण कोणता ग्रह तुमच्या पत्रिकेतल्या बारा स्थानांपैकी (घरांपैकी) कोणत्या स्थानांचा स्वामी आहे हे लग्नावरून ठरतं. रास मिथुन आणि लग्न वृश्चिक असेल, तर तोच बुध अष्टमेश (आठव्या, अशुभ मानलेल्या स्थानाचा स्वामी) होतो, आणि रास पाहून घेतलेला पाचू लग्नाच्या हिशेबात टाळायच्या यादीत जातो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. वर्तमानपत्रांतल्या जन्मतारखेच्या राशी पाश्चात्त्य पद्धतीच्या, सूर्यावरून काढलेल्या असतात. त्यांवरून पाचू ठरवणं आपल्या परंपरेत बसतच नाही.

५. मग कोणत्या लग्नाला पाचू चालतो आणि कोणत्या नाही?

सर्वसाधारण मत असं. मिथुन आणि कन्या लग्नाला बुध स्वतः लग्नेश (लग्नाचा स्वामी), त्यामुळे पाचू आयुष्यभर घालता येतो असं मानतात. वृषभ लग्नाला तो धनस्थान (दुसरं) आणि पंचम स्थान यांचा स्वामी, म्हणून शुभ. मकर लग्नाला षष्ठ (सहावं) आणि भाग्य (नववं) ही दोन स्थानं त्याच्याकडे येतात. पण बुधाची मूलत्रिकोण रास (जिथे ग्रह विशेष बळकट मानतात ती) कन्या भाग्यस्थानी पडते, म्हणून पारडं शुभाकडे झुकतं. तूळ लग्नाला तो भाग्येश (नवव्याचा स्वामी) असतो आणि व्ययेशही (बाराव्या, खर्चाच्या स्थानाचा स्वामी). इथे कन्या बाराव्या स्थानी येते, तरी भाग्येश म्हणून बहुतेकजण पाचूला होकार देतात. काहीजण मात्र खर्चाची बाजू काढून हात आखडता घेतात.

कुंभ लग्नाला बुध पंचमेश आणि अष्टमेश, सिंह लग्नाला धनेश (दुसऱ्याचा स्वामी) आणि लाभेश (अकराव्याचा). दोन्हीकडे निर्णय बुध प्रत्यक्ष कुठे बसला आहे त्यावर. सिंह लग्नाला तो पैशाच्या दोन्ही स्थानांचा स्वामी म्हणून मोह होतो, पण दुसरं स्थान मारकही (जीवाला घातक मानलेलं) आहे.

धनू आणि मीन ही सगळ्यांत वादाची लग्नं. धनू लग्नाला बुध सप्तमेश आणि दशमेश, मीन लग्नाला चतुर्थेश आणि सप्तमेश, म्हणजे दोन्ही ठिकाणी दोन-दोन केंद्रांचा (१, ४, ७, १० या स्थानांना केंद्र म्हणतात) मालक. शुभ ग्रह केंद्राचा स्वामी झाला की त्याचं शुभत्व घटतं, याला केंद्राधिपती दोष म्हणतात. शिवाय द्विस्वभाव लग्नांना (धनू आणि मीन त्यांपैकीच) सप्तम हे बाधक (अडथळा आणणारं) स्थान आणि मारकही. तरी धनू लग्नाच्या माणसाचा बुध दशमात स्वराशीला (स्वतःच्या राशीत) असेल, तर नोकरी-धंद्यासाठी पाचू देणारे ज्योतिषी आहेत. माझ्या मते या दोन लग्नांसाठी "धनू असेल तर हे घाला" अशा तयार तक्त्यावर कधीच विसंबू नये.

मेष (तृतीय-षष्ठ), कर्क (तृतीय-व्यय) आणि वृश्चिक (अष्टम-लाभ) या लग्नांना (कंसात बुधाकडे येणारी स्थानं) पाचू सहसा टाळतात.

६. माझ्या पत्रिकेत बुध नीचेचा आहे. कमजोर ग्रहाला बळ द्यायला पाचू घालावा की घालूच नये?

इथे परंपरेत सरळ दोन तट आहेत. पहिला म्हणतो, रत्नानं ग्रहाचं बळ वाढतं, म्हणून जो दुबळा आहे त्याचंच रत्न घाला. दुसरा म्हणतो, बळ वाढवायचं ते फक्त तुमच्या लग्नाला शुभ असलेल्या ग्रहाचं. अशुभ स्थानांचा स्वामी बळकट केला तर तो त्याच स्थानांची फळं जोरात देईल. मला दुसरं मत जास्त सुसंगत वाटतं, कारण ते बळ आणि शुभत्व या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं.

बुध मीन राशीत नीच (सगळ्यांत दुबळा) असतो, १५ अंशांवर परम नीच. नीच दिसला की लगेच रत्न, असं मात्र करू नये. नीचभंग (नीचपणा रद्द करणारा योग) होतो का, नवांशात (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) बुध कुठे आहे, त्याच्यावर कुणाची दृष्टी आहे, हे आधी पाहतात. मीनेत बुध आणि लग्न वृषभ, हे उदाहरण घ्या. धनेश-पंचमेश लाभस्थानी नीच. दोन्ही तटांचे ज्योतिषी इथे पाचू सुचवतील. तोच नीच बुध मेष लग्नाला व्ययस्थानी गेला, की दुसऱ्या तटाचा ज्योतिषी जप आणि दान सांगेल (प्रश्न १८).

७. बुध अस्तंगत आहे किंवा वक्री आहे असं सांगितलं. हे गंभीर आहे का?

घाबरण्याचं कारण नाही. आकाशात बुध सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे जातच नाही. त्यामुळे पत्रिकेत तो सूर्याच्या राशीत किंवा लगतच्या राशीतच सापडतो. सूर्याच्या १४ अंशांच्या आत (वक्री असताना १२) आला की तो अस्तंगत मानतात, आणि हे असंख्य पत्रिकांत घडतं. त्याच सूर्य-बुध युतीला बुधादित्य योग म्हणून गौरवतातही. वक्री (उलट्या दिशेनं चालताना दिसणारा) बुधही दुर्मीळ नाही. वर्षातून साधारण तीनदा, दर वेळी जवळपास तीन आठवडे तो वक्री दिसतो. "अस्त" किंवा "वक्री" हा एवढा एकच शब्द ऐकून पाचू घेऊ नका. लग्नाचा निकष आधी.

८. बुधाची महादशा लागली आहे. आता पाचू घालायलाच हवा का?

विंशोत्तरी या ग्रहदशा मोजण्याच्या पद्धतीत बुधाची महादशा १७ वर्षांची असते आणि ती शनीच्या १९ वर्षांनंतर येते. म्हणून ती सुरू होताना लोकांच्या अपेक्षा फार वाढलेल्या असतात. आश्लेषा, ज्येष्ठा किंवा रेवती नक्षत्रावर जन्मलेल्यांची सुरुवातच या दशेनं होते. बुध लग्नाला शुभ असेल तर या काळात पाचूचं फळ ठळक मिळतं अशी श्रद्धा आहे. "घालायलाच हवा" असं मात्र नाही. बुध आधीच उच्चीचा (सगळ्यांत बळकट, कन्येत) किंवा स्वराशीचा असेल, तर त्याला वेगळ्या बळाची गरज नाही, असं मानणारेही आहेत.

९. कोणत्या बोटात, कोणत्या हातात, कोणत्या धातूत?

करंगळीत. हस्तसामुद्रिकात (हात पाहण्याच्या विद्येत) करंगळीखालचा उंचवटा बुधाचा मानतात, त्यावरून हा संकेत. करंगळीत अंगठी टिकत नसेल तर अनामिकेत घालायला बहुतेकांची हरकत नसते. पुरुषांनी उजव्या आणि स्त्रियांनी डाव्या हातात ही रूढ पद्धत. काहीजण सगळ्यांनाच काम करणारा हात सांगतात. धातू सोनं, नाहीतर चांदी. पंचधातूही चालतो. खड्याची खालची बाजू उघडी ठेवून तो त्वचेला लागावा अशी अपेक्षा असते. लॉकेटमध्ये घातला तरी हाच नियम.

१०. किती वजनाचा घ्यावा? "सव्वापाच रत्ती" म्हणजे नेमकं किती?

इथे लोक खरंच फसतात, कारण रत्ती दोन प्रकारची आहे. सोनारांची रत्ती सुमारे ०.१२१५ ग्रॅम. रत्नांच्या व्यवहारात वापरली जाणारी रत्ती सुमारे ०.९१ कॅरेट, म्हणजे ०.१८ ग्रॅम. एक कॅरेट ०.२ ग्रॅम. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशेबानं सव्वातीन कॅरेटच्याही आत राहते, तर दुसऱ्या हिशेबानं पावणेपाच कॅरेटच्या थोडी वर जाते. ज्योतिषी एक रत्ती मनात धरून बोलतो आणि विकणारा दुसरी, असं होतं. वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या.

शरीराच्या किलोतल्या वजनाचा दहावा हिस्सा तेवढ्या रत्ती, हा ठोकताळा प्रचलित आहे. "सव्वा" शुभ आणि "पाऊण" टाळावा हाही संकेत आहे. दोन्ही व्यवहारातून रूढ झालेले आहेत. मोठ्या, धुरकट खड्यापेक्षा लहान पण सतेज खडा घ्यावा. प्रश्न ३ मधल्या श्लोकातही भर कांतीवर आणि गुणांवर आहे, वजनावर नाही.

११. कधी आणि कसा धारण करावा?

शुक्ल पक्षातला बुधवार, सकाळी सूर्योदयानंतर. बुधवारी सूर्योदयापासूनची पहिली होरा (ग्रहाच्या अमलातला सुमारे एक तास) बुधाचीच असते, त्यामुळे वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. नक्षत्र पाहायचं तर बुधाची तीन, पण आश्लेषा आणि ज्येष्ठा तीक्ष्ण मानली जातात, म्हणून रेवतीला पसंती. अंगठी शुद्ध करून, गणपती आणि कुलदैवताचं स्मरण करून "ॐ बुं बुधाय नमः" हा मंत्र १०८ वेळा म्हणतात आणि मग घालतात. नवग्रह स्तोत्रातला "प्रियंगुकलिकाश्यामं" हा बुधाचा श्लोकही म्हणतात.

शुद्धीबद्दल एक सूचना. दूध, मध, गंगाजल यांत रात्रभर बुडवून ठेवायला सांगितलं जातं. पाचूत बहुधा तेल भरलेलं असतं (पुढचा प्रश्न), त्यामुळे दीर्घकाळ भिजवणं, गरम पाणी, साबण आणि दागिने धुण्याचं अल्ट्रासॉनिक यंत्र त्याला मानवत नाही. थोडा शिडकावा करून मऊ कापडानं पुसलं तरी भाव तोच राहतो.

१२. माझ्या पाचूत आत रेषा आणि जाळं दिसतं. तो दोषी खडा आहे का?

जवळपास प्रत्येक नैसर्गिक पाचूत आत काहीतरी असतं. पूर्ण निर्मळ पाचू अतिशय दुर्मीळ. उलट फार स्वच्छ, मोठा आणि स्वस्त खडा समोर आला तर शंका घ्यावी. गरुडपुराणात दोष सांगितले आहेत ते असे: ठिपकेदार, मलिन, रूक्ष, खडीचे कण असलेला आणि शिलाजतूनं (शिलाजितानं) माखलेला. म्हणजे खड्यावर काहीतरी फासून तो खुलवण्याची युक्ती त्या काळीही माहीत होती.

आज पाचूच्या बारीक चिरांत सीडार तेल किंवा रेझिन भरतात, चिरा दिसेनाशा होतात. रंगहीन तेलाचा अल्प वापर व्यापारात सर्रास मान्य आहे, फक्त तो लपवता कामा नये. हिरवं रंगवलेलं तेल ही मात्र सरळ फसवणूक. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर "नैसर्गिक" या शब्दासोबत उपचाराची नोंद वाचा. श्रद्धेच्या दृष्टीनं आरपार तडा, काळा डाग आणि निस्तेजपणा टाळावा. आतल्या मंद रेषांसाठी खडा परत करायची गरज नाही.

१३. प्रयोगशाळेत बनवलेला पाचू चालेल का? तोही रासायनिकदृष्ट्या तोच आहे म्हणतात.

रासायनिकदृष्ट्या तोच आहे, हे खरं. कडकपणा आणि रंगही तसाच. पण ज्योतिषपरंपरा भूमीतून आलेलं रत्न अपेक्षिते, म्हणून बहुतेक ज्योतिषी त्याला नकार देतात. दागिना म्हणून तो उत्तम. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, त्यामुळे नैसर्गिक म्हणून घेताना तपासणी करूनच घ्या. हिरवी काच किंवा दोन तुकडे चिकटवलेला खडा ही वेगळीच गोष्ट, ती कोणत्याही अर्थानं पाचू नाही.

१४. पाचू परवडत नाही. उपरत्न चालतं का?

चालतं असं मानतात. पेरिडॉट, हिरवी तुरमली, हिरवा ऑनिक्स ही नेहमीची नावं. फळ सौम्य मिळतं अशी समजूत आहे. कर्ज काढून पाचू घेऊ नका. तसा आग्रह कुणी धरत असेल तर त्या सल्ल्याचा हेतू तपासा.

१५. पाचूबरोबर दुसरी रत्नं घालता येतात का?

ग्रहांच्या नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात बुधाचे मित्र सूर्य आणि शुक्र, शत्रू चंद्र, बाकी सम (ना मित्र ना शत्रू). म्हणून शुक्राच्या हिऱ्यासोबत पाचू सर्वांना मान्य, चंद्राच्या मोत्यासोबत वर्ज्य. गंमत अशी की चंद्र बुधाला मित्र मानतो. वैर एकतर्फी आहे, आणि पुराणात बुध चंद्राचाच मुलगा, तारा हिच्यापासून झालेला. मंगळ आणि गुरू बुधाला शत्रू मानतात, बुध त्यांना सम मानतो. त्यामुळे मंगळाचं पोवळं किंवा गुरूचा पुष्कराज पाचूसोबत टाळायला सांगतात. शनी बुधाला मित्र मानतो, म्हणून शनीचा नीलम चालतो, पण नीलमाची परीक्षा स्वतंत्र.

अपवाद नवरत्नांचा. नऊही रत्नं एकत्र असली की हा मैत्री-शत्रुत्वाचा हिशेब लावत नाहीत.

१६. मुलगा अडखळत बोलतो, अभ्यासात लक्ष नाही. पाचू घालावा का?

आधी डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ. हे अगदी कळकळीनं सांगतो, कारण बुध म्हणजे वाणी या समजुतीमुळे काही घरांत आधी अंगठी येते आणि उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. ऐकू कमी येणं, शिकण्यातली अडचण, दृष्टिदोष यांचं निदान लवकर झालं तर फार फरक पडतो. त्यासोबत श्रद्धेनं काही करायचं असेल तर मुलाकडून रोज एखादं स्तोत्र म्हणवून घ्या. लहान मुलाच्या बोटात सैल अंगठी तशीही धोक्याची, खडा निघून तोंडात जाऊ शकतो. त्वचारोगांबद्दलही हेच उत्तर.

१७. अंगठीतला खडा तडकला. संकट टळलं की येणार आहे?

"खड्यानं अंगावर घेतलं" अशी समजूत आहे आणि ती मनाला धीर देते, एवढं खरं. "आता मोठं अरिष्ट येणार" हे मात्र भीती घालणं आहे. पाचूचा कडकपणा ७.५ ते ८ असला तरी आतल्या चिरांमुळे तो ठिसूळ असतो. टेबलाच्या कडेवर आपटला, बैठक घट्ट बसवताना दाब पडला, तरी तडकतो. तडकलेला खडा धारण करत नाहीत, तो विसर्जित करतात किंवा बाजूला ठेवून देतात.

"दर तीन वर्षांनी पाचू बदला" हा सल्लाही याच जातीचा. प्रश्न ३ मधल्या जुन्या रत्नपरीक्षेत अशी मुदत दिसत नाही. आजीचा पाचू नातीनं घालावा का, हेही विचारतात. तिच्या लग्नाला चालत असेल तर शुद्धी करून खुशाल घालावा. सुतकात किंवा पाळीच्या दिवसांत काढावा की नाही हा प्रत्येक घराच्या रूढीचा भाग आहे, बृहत्संहितेच्या श्लोकात असा निषेध नाही.

१८. पाचू न घालता बुधासाठी काय करता येतं?

जप, दान आणि आचरण. आपल्याकडच्या रूढ कोष्टकांत बुधाची जपसंख्या ४,००० दिलेली असते. दानात हिरवे मूग, हिरवं वस्त्र, काशाचं भांडं. बुधवारचा उपास, विष्णुसहस्रनाम, गायीला हिरवा चारा हेही सांगतात. मेष, कर्क, वृश्चिक लग्नाच्या लोकांना हाच मार्ग सुचवला जातो, कारण यात ग्रहाचं बळ वाढवण्याचा नाही, त्याला शांत करण्याचा भाव असतो.

१९. पाचू घातल्यापासून अस्वस्थ वाटतंय. काढला तर चालेल का?

चालेल, लगेच काढा. रत्न काढल्यानं ग्रह कोपतो हे मनातून काढून टाका. बुधवारी नमस्कार करून काढायची रीत आहे, पण त्वचेला खाज किंवा लालसरपणा आला असेल तर वारही पाहू नका. तो बहुधा अंगठीतल्या धातूचा, विशेषतः निकेलचा परिणाम असतो. पक्की अंगठी करण्याआधी खडा काही दिवस हिरव्या कापडात बांधून दंडाला किंवा उशाशी ठेवून पाहण्याची पद्धत यासाठीच उपयोगी पडते.

२०. जन्मवेळ माहीत नाही, किंवा अर्ध्या-पाऊण तासाची शंका आहे. पाचूचं कसं ठरवायचं?

लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. शंका पाऊण तासाची असेल आणि लग्न राशीच्या मध्यावर असेल, तर ते बहुधा बदलणार नाही, प्रश्न ५ मधलं उत्तर लागू करता येतं. लग्न राशीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर दोन्ही लग्नं तपासा. वृषभ की मिथुन असा पेच असेल तर दोन्हींना पाचू चालतो, प्रश्नच मिटला. मिथुन की कर्क असा असेल तर उत्तर अगदी उलटं होतं. तिथे आयुष्यातल्या मोठ्या घटनांवरून जन्मवेळ शुद्ध करून घेतात. वेळ अजिबातच ठाऊक नसेल तर काहीजण प्रश्नकुंडली (प्रश्न विचारल्या क्षणाची कुंडली) मांडतात, काहीजण चंद्ररास लग्न धरून पाहतात. सावध ज्योतिषी अशा पत्रिकेवर रत्न देत नाहीत आणि प्रश्न १८ मधले उपाय सांगतात.